हिचकॉकचा वारसा: 'स्क्रीम', 'व्हॉट लाइज बिनीथ' की 'एक्स'?

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' (१९६०) पाहून झालाय आणि त्याच वळणाचा अलीकडचा एखादा भयपट हवाय, तर ही तीन नावं समोर येतात. तिघांनीही हिचकॉककडून उघडउघड घेतलंय. निवड करताना बघायचं ते एवढंच, की घेतलं काय. शॉवरचा पडदा, सुरी, किंचाळणारी व्हायोलिनं कुणालाही उचलता येतात. पात्राला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट प्रेक्षकाला आधीच दाखवून त्याला खुर्चीला जखडून ठेवणं, हे मात्र अवघड. नुसती चौकट उचलून भागत नाही, हे १९९८ सालच्या रंगीत 'सायको'त दिसतं. गस व्हॅन सँटने जवळजवळ शॉटला शॉट जुळवला, तरी धास्ती आली नाही. मूळ सिनेमात जॅनेट लीसारखी तारका पाऊण तासाच्या आसपास मारली जाते हाच धक्का होता, आणि तो एव्हाना सगळ्यांना पाठ झाला होता. म्हणून १९९८चा 'सायको' इथे धरलेला नाही.

धक्क्याची ती जागा वेस क्रेव्हनने 'स्क्रीम'मध्ये (१९९६) नेमकी हेरली. ड्रू बॅरिमोर पोस्टरवर ठळक, आणि जेमतेम १२-१३ मिनिटांत संपते. पण या प्रसंगाची खरी करामत शेगडीवर आहे. फॉइलचं झाकण असलेलं पॉपकॉर्नचं पॅन तिने आचेवर ठेवलंय. फोनवरचं बोलणं लाडिक असतं तेव्हा ते नुकतं तडतडायला लागतं. सूर बदलतो तसं फॉइल फुगत जातं. आईवडील घरी पोचतात तेव्हा घरात धूर कोंडलेला असतो. घड्याळ एकदाही दाखवलेलं नाही, तरी वेळ संपत चालल्याचं पोटात जाणवत राहतं. फोनवरचा आवाज रॉजर जॅक्सनचा. चित्रीकरणाच्या वेळी तो खरोखर फोनवर बोलत होता आणि नटांना त्याचं तोंडही दिसू दिलं नव्हतं. त्यामुळे हा सिनेमा डब केलेला पाहू नका. त्या आवाजाचे चढउतार गेले की प्रसंगच फसतो. बाकी 'लूमिस' हे आडनाव 'सायको'तून 'हॅलोविन' या भयपटामार्गे इथे आलंय वगैरे खुणा पुष्कळ आहेत. त्या ओळखल्या की मौज वाटते, भीती मात्र त्यांनी वाढत नाही.

'व्हॉट लाइज बिनीथ' (२०००) या तिघांत सर्वांत सोज्वळ. रॉबर्ट झेमेकिसने हा सिनेमा 'कास्ट अवे'च्या मधल्या सुट्टीत केला. टॉम हँक्स तिकडे त्यातल्या भूमिकेसाठी वजन उतरवत होता. तळ्याकाठचं घर, शेजाऱ्याने बायकोला मारलं असा संशय, हातात दुर्बीण: हा सगळा भाग हिचकॉकच्याच 'रिअर विंडो'चा. तो रंगतो, पण मग कथा दुसरीकडेच वळते आणि ज्या शेजाऱ्यांत आपला जीव अडकला होता ते बाजूला पडतात. इथे बरेच जण वैतागतात. सोडून मात्र देऊ नका, कारण शेवटाकडे न्हाणीघराचा प्रसंग आहे. औषधाने नायिकेचं अंग लुळं पडलंय, डोळे उघडे, नळ चालू. सुरी नाही, रक्त नाही, नुसती पाण्याची पातळी. 'सायको'च्या शॉवरला इतकं शांत आणि इतकं जीवघेणं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. त्यानंतरची पळापळ लांबते. एक पथ्य पाळाच: ट्रेलर बघू नका, त्यात अर्धं रहस्य फोडून टाकलंय.

टाय वेस्टचा 'एक्स' (२०२२) १९७९ सालच्या टेक्सासमध्ये घडतो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतावर काही तरुण प्रौढांसाठीची फिल्म चित्रित करायला येतात. कथा मध्येच बदलावी का, यावर पात्रं 'सायको'चंच नाव घेऊन वाद घालतात, आणि सिनेमा स्वतः तसाच मध्यात पलटतो. तळ्यात बुडवलेली गाडीही आहे. पण सर्वांत सरस प्रसंग मगरीचा. कॅमेरा थेट वरून खाली बघतोय. नायिका निवांत पोहत काठाकडे निघालीय, मागून मगर अंतर तोडत येते. तिला पत्ता नाही, आपल्याला सगळं दिसतंय. टेबलाखाली बॉम्ब आहे हे पात्रांना ठाऊक नाही, प्रेक्षकाला ठाऊक आहे, हा हिचकॉकचा दाखला तो हाच. फोनच्या पडद्यावर मात्र मगर म्हणजे एक बारीक रेघ उरते आणि प्रसंग वाया जातो. टीव्ही किंवा प्रोजेक्टर हवाच. पहिल्या खुनाला जवळपास तासभर लागतो, हेही आधीच धरून बसा.

घरच्यांसोबत बसणार असाल तर 'व्हॉट लाइज बिनीथ' घ्या. नग्नता आणि रक्तपात यांमुळे 'एक्स' मोठ्यांनीच, तोही एकट्याने किंवा मित्रांबरोबर पाहण्यासारखा. एकच पाहायचा असेल, तर 'स्क्रीम'. बाकीचे दोन चांगल्या प्रसंगांचे सिनेमे आहेत, हा सुरुवातीचा ताण बराच वेळ टिकवतो. आणि 'सायको' पाहून वर्षं लोटली असतील तर आधी त्यातला दलदलीचा प्रसंग परत बघा. खून लपवायला ढकललेली गाडी बुडता बुडता क्षणभर थांबते, आणि ती पूर्ण बुडावी असं आपल्यालाच वाटायला लागतं. मग यातला जो सिनेमा लावाल त्यात शोधा, असं नको त्या बाजूला तुम्हाला कुठे उभं केलंय ते.