घरचं फायर सायडर: कोणतं व्हिनेगर पुरतं आणि कोणतं कमी पडतं

आलं, लसूण, कांदा, मिरची व्हिनेगरमध्ये तीन-चार आठवडे मुरवायचं, गाळायचं आणि शेवटी मध घालायचा. झालं फायर सायडर. नावात सायडर असलं तरी यात दारू नाही. अमेरिकेत हा प्रकार घरोघरी पोचवला तो कॅलिफोर्नियातल्या वनौषधी शिकवणाऱ्या रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीने 2012 मध्ये या नावाचा ट्रेडमार्क घेतला, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने हे नाव सर्वसामान्य आहे, कुणा एकाचं नाही, असा निकाल दिला. मूळ कल्पना याहून कितीतरी जुनी. मध आणि व्हिनेगरच्या मिश्रणाला ग्रीक वैद्य ऑक्सिमेल म्हणत. इराणात तेच सिकंजबीन झालं, म्हणजे सिरका, अर्थात व्हिनेगर, आणि अंगबीन, अर्थात मध. उन्हाळ्यात आपण पितो ती शिकंजी याच शब्दाची नात, फक्त तिच्यातला सिरका जाऊन लिंबू आलं.

कृती सगळीकडे मिळते. बरणी बिघडते ती बहुतेक वेळा व्हिनेगरच्या बाटलीमुळे, आणि त्या बाटलीवरचा एक आकडा कुणी वाचत नाही म्हणून. म्हणून हे परीक्षण आधी व्हिनेगरचं.

तो आकडा म्हणजे आम्लता, अॅसिडिटीची टक्केवारी. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के अॅसेटिक अॅसिड असावं लागतं. बाजारात चार टक्क्यांच्या बाटल्या भरपूर आहेत, पाच टक्क्यांच्या त्यामानाने कमी. सॅलडवर शिंपडायला या फरकाने काही बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण बरणीत जाणारा माल ओला असतो.

हिशोब करून बघा. एक लिटरच्या बरणीसाठी आमचं प्रमाण असं: आलं 100 ग्रॅम, सोललेला लसूण 60 ग्रॅम, पांढरा कांदा 80 ग्रॅम, ओली हळद 25 ग्रॅम, चार लवंगी मिरच्या, दोन चमचे मोहरी, चमचाभर भरड काळी मिरी आणि 600 मिली व्हिनेगर. या ओल्या मालातच साधारण 200 मिली पाणी असतं आणि मुरता मुरता ते व्हिनेगरमध्ये उतरतं. पाच टक्क्यांचं व्हिनेगर त्यामुळे पावणेचार टक्क्यांच्या आसपास येतं. गाळल्यावर सुमारे 700 मिली रस हाती लागतो. त्यात 200 ग्रॅम मध घातला की उरतात तीन टक्के. तेवढ्यात काम भागतं. सुरुवातच चार टक्क्यांनी केली तर शेवटी अडीच उरतात, आणि कांदा-आलं अंदाजपंचे, बरणी गच्च भरून घातलं तर आणखी कमी. वर पांढरी साय धरणं, झाकण उघडताना फुस्स होणं, आंबूस कांद्याचा वास येणं, ही दुखणी बहुधा इथूनच सुरू होतात. शंका आली तर पीएच पट्टी बुडवून बघावी. चारच्या खाली असेल तर ठीक.

आता एकेक बाटली.

पाच टक्क्यांचं सफरचंदाचं व्हिनेगर ही सरळ निवड. ब्रॅग या अमेरिकी ब्रँडच्या बाटलीवर पाच टक्के स्पष्ट छापलेलं असतं आणि ती इथेही मिळते, पण आयात माल असल्याने महाग पडते. लेबलवर पाच टक्के असलेलं देशी व्हिनेगर चवीत एवढा फरक दाखवत नाही, कारण तीन आठवडे लसूण-मिरचीत राहिल्यावर सफरचंद आहे की नाही हे जिभेला कळतच नाही. ‘विथ मदर’साठी, म्हणजे व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंचं जाळं आत असलेल्या बाटलीसाठी, जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. ते जाळं मुरवण्याच्या कामात भर घालत नाही. उलट कधी कधी बरणीत नवा गुळगुळीत पापुद्रा तयार होतो आणि लोक घाबरून सगळं ओतून देतात. गुळगुळीत, चिवट, एकसंध पापुद्रा ही मदर, काढून टाका. केसाळ, हिरवे-काळे ठिपके ही बुरशी, मग मात्र बरणीच रिकामी करायची.

गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर ही आमची आवडती निवड, एका अटीवर. लसूण आणि मिरचीशी त्याचं जमतं हे विंदालू खाणाऱ्याला सांगायला नको. सफरचंदापेक्षा ते मऊ लागतं, मागे किंचित खमीरासारखा वास राहतो आणि मध कमी लागतो. 200 ऐवजी 150 ग्रॅम पुरतो. अट अशी की बाटलीवर टक्केवारी हवी. बाजारात जुन्या बाटल्यांत भरून मिळणारं घरगुती व्हिनेगर चवीला उत्तम असेल, पण त्याची आम्लता दर खेपेला वेगळी. ते सोरपोतेलला, गोव्याच्या डुकराच्या मटणाच्या रश्शाला, वापरा. महिनाभर ओला कांदा त्याच्या भरवशावर ठेवू नका.

उसाचा आणि जांभळाचा सिरका. उसाचा चालतो, थोडा गुळचट लागतो. जांभळाचा तुरट, आलं-हळदीबरोबर छान, लसणीबरोबर विचित्र. जांभळाचा घेतलात तर लसूण निम्मा करा.

भेळेच्या आणि चायनीजच्या गाड्यांवरचं पांढरं व्हिनेगर बहुतेकदा सिंथेटिक असतं, तसं लेबलवर लिहावं लागतं. टिकवण्याचं काम तेही करतं, ते नाकारता येत नाही. पण पेय म्हणून घसा खरवडतं आणि कितीही मध घातला तरी ती धार जात नाही. बेसिन घासायला उत्तम.

आणि एक फसवी बाटली: सफरचंदाचं व्हिनेगर, त्यात आलं-लसूण-लिंबू-मध आधीच घातलेला. पाण्यात घालून प्यायला ठीक आहे, पण मुरवण्यासाठी ते व्हिनेगर नाही, आधीच पातळ केलेलं पेय आहे. कोकमाचं आगळ वापरावं का, असंही विचारलं जातं. नको. त्याचं टिकणं आंबटपणाइतकंच मिठावर असतं, आणि तेवढं मीठ या पेयात चालणार नाही.

अमेरिकी कृतीत हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळही असतं, पण ते आपल्या मंडईत मिळत नाही. इंग्रजांच्या काळात त्याच्याजागी शेवग्याचं मूळ वापरत, म्हणून इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचं झाड असंही नाव आहे. ती वाट धरू नका; शेवग्याच्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात. नाकात जाणारी तीच झणझण मोहरीत आहे, फक्त ती जागी करावी लागते. दोन चमचे मोहरी खलबत्त्यात भरड कुटायची, चमचा-दोन चमचे गार पाणी घालून दहा मिनिटं ठेवायची, मग व्हिनेगर. ही दहा मिनिटं चुकवली की मोहरी नुसती कडू लागते. कारण तिखटपणा तयार करणारं एन्झाइम पाण्यात काम करतं आणि आंबटात थांबतं. थेट व्हिनेगरमध्ये टाकलेली मोहरी मुकीच राहते. गरम पाणीही नको, त्यानेही ते मरतं. लसणीचं गणित हेच: ठेचून दहा मिनिटं उघडा ठेवा, मग बरणीत. अख्ख्या पाकळ्या टाकल्या तर लोणच्यातला लसूण मिळतो, झणका मिळत नाही.

लसूण निळा-हिरवा पडला तर घाबरू नका. आम्लात लसणीतली गंधकयुक्त संयुगं अमिनो आम्लांशी जुळून तो रंग तयार होतो, शीतगृहातल्या जुन्या लसणीत जास्त. खायला निर्धोक आहे.

आलं किसून घाला, कांद्याच्या मात्र चकत्याच करा. किसलेला कांदा रस गढूळ करतो आणि गाळताना मलमल तुंबते. हळद पूड असेल तर पाव चमचा पुरे. जास्त घातली की तळाशी चिखल बसतो. मिरची उभी चिरून घाला आणि आठवड्याने चव बघा, कारण तिखट सावकाश उतरतं आणि एकदा उतरलं की परत जात नाही. लवंगीने जाळ येतो. नुसता रंग हवा असेल तर दोन सुक्या ब्याडगी.

बरणी काचेची घ्या. आजीची चिनी मातीची बरणी कितीही देखणी असली तरी जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि व्हिनेगर ते बाहेर काढतं. दादरा बांधायचा नाही, घट्ट झाकणच लावायचं. पत्र्याचं असेल तर मध्ये दुहेरी बटर पेपर घाला, नाहीतर दोन आठवड्यांत झाकणाला आतून गंजाची नक्षी दिसते आणि रसाला पैशाच्या नाण्याची चव येते. कांदा वर तरंगतो, तो बुडलेला राहिला पाहिजे. कोबीचं एक जाड पान गोल कापून वर दाबलं की काम होतं. अंधाऱ्या कपाटात तीन आठवडे, रोज एकदा हलवायचं. चौथ्या आठवड्यात चव थोडी गोल होते. त्यापुढे ठेवून काही हाती लागत नाही, कांदाच जास्त बोलायला लागतो.

मध शेवटी, गाळल्यावर. आधी घातला तर तो चोथ्याला चिकटून निम्मा वाया जातो. महाबळेश्वरच्या बाजूचा जांभळाचा मध, गडद आणि किंचित कडवट, या पेयात उठून दिसतो. लिचीचा मध यात हरवतो. मोहरीचा मध बाटलीत साखरेसारखा जमतो, पण इथे विरघळणारच आहे, त्यामुळे स्वस्त मिळाला तर खुशाल घ्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिचा मध हाती लागला तर तो भाकरीबरोबर खा, यात घालू नका. मध न घालताही रस टिकतो. उलटं मात्र नाही: कच्चा लसूण नुसत्या मधात मुरवायचा प्रकार हल्ली फार दिसतो, पण लसणीच्या पाण्याने मध पातळ होतो आणि आम्लता पुरेशी नसेल तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, धोका राहतो. तसंच मध असलेलं काहीही एक वर्षाखालच्या बाळाला द्यायचं नाही.

ज्यांना हा जाळ नको, त्यांच्यासाठी सुक्या वनस्पतींचं ऑक्सिमेल. सुकी तुळस 10 ग्रॅम, बडीशेप 10 ग्रॅम, भरडलेली सुंठ 5 ग्रॅम, 250 मिली व्हिनेगर. मंद आचेवर दहा मिनिटं, उकळी न आणता. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत जाते. गाळा, कोमट होऊ द्या, मग 250 ग्रॅम मध. माल सुका असल्याने पाणी वाढत नाही, म्हणून इथे चार टक्क्यांची बाटली बिनधास्त चालते. ज्येष्ठमध घालावासा वाटेल, पण रोज प्यायचं असेल तर नको, त्याने रक्तदाब वाढतो.

15 मिली पेय 150 ते 200 मिली पाण्यात. पाणी न घालता शॉट मारण्याची फॅशन दातांच्या आवरणाला आणि अन्ननलिकेला महागात पडते. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. आम्लपित्त किंवा अल्सर असेल तर हे पेय तुमच्यासाठी नाही. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दी बरी होते म्हणून कुणी सांगितलं तर ऐकून घ्या. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते मोहरीमुळे, आणि तेही दहा-पंधरा मिनिटंच.

फ्रिजमध्ये मध घातलेलं पेय तीन-चार महिने चवीला चांगलं राहतं. उरलेला चोथा टाकू नका. मीठ आणि किंचित गूळ घालून, वर हिंगाची फोडणी गार करून ओतली की झटपट लोणचं होतं. फ्रिजमध्ये आठवडाभर, खिचडीबरोबर.