मान आखडणे + दबलेली नस: सर्व्हायकल उशी ७ महिने वापरून काय वाटलं

मेमरी फोमची, मधे खोलगट आणि दोन्ही कडांना उंच (एक कड कमी, एक जास्त) अशी ही सर्व्हायकल पिलो, म्हणजे मानेला आधार देणारी उशी, ७ महिने रोज वापरतोय. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर शिव्याच घातल्या असत्या.

आधी माझा त्रास सांगतो. सकाळी मान धरलेली असायची, गाडी मागे घेताना वळून बघता यायचं नाही, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सतत मुंग्या. एमआरआयमध्ये सी६-सी७ (मानेचा सहावा आणि सातवा मणका) मधली डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, बाहेर येऊन सी७ ची नस दाबतेय असं निघालं. जड दार ढकलताना हात लटपटायचा तोही त्यामुळेच. रात्री हात डोक्यावर ठेवला की बरं वाटायचं, डॉक्टर म्हणाले की हात वर गेला की नसेवरचा ताण कमी होतो, दबलेल्या नसेच्या पेशंटना असा आराम बऱ्याचदा मिळतो.

आता उशी. पहिल्या १०-१२ रात्री मान जास्तच दुखली आणि चूक माझीच होती, मी उताणा झोपून उंच कड मानेखाली घेत होतो, त्याने हनुवटी छातीकडे दुमडायची. उताणं झोपताना कमी उंचीची कड, कुशीवर झोपताना उंच कड, आणि खांदा उशीवर नाही, गादीवर, एवढं कळल्यावर खरा फरक पडला. घरच्यांकडून पाठीमागून फोटो काढून घ्या, कुशीवर झोपल्यावर मान आणि पाठीचा कणा एका सरळ रेषेत दिसला पाहिजे. माझ्या उशीत आतला एक थर काढता येतो, तो मी काढला तेव्हा उंची जमली, त्यामुळे असा थर नसलेली उशी मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही. पालथं झोपणं पूर्ण बंद करावं लागतं बरं का, त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते, तिथे कुठलीच उशी काही करू शकत नाही.

तक्रारी: फोम गरम होतो, सुरुवातीला वास येतो, आणि धुता येत नाही, फक्त कव्हर निघतं.

पण उशीने नस मोकळी झाली असं मी म्हणणार नाही. सकाळचं आखडणं तिने नक्की कमी केलं, मुंग्या मात्र अडीच-तीन महिन्यांनी हळूहळू गेल्या, त्यात फिजिओने शिकवलेला चिन टक (मान न वाकवता हनुवटी सरळ मागे ओढायची, ५ सेकंद धरायची) आणि लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला आणणं याचा वाटा मोठा आहे, शिवाय बऱ्याच जणांची नस वेळ दिला की ऑपरेशनशिवाय शांत होते. मानेचा पट्टा मी आठवडाभरच लावला, जास्त दिवस लावला की मानेचे स्नायू कमजोर होतात.

आणि हाताची ताकद कमी होत चाललीय, चालताना तोल जातोय किंवा लघवीवर ताबा राहत नाहीये असं काही असेल तर कृपया उश्या शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.