एसएसबीचं ‘प्रोफाइल बिल्डिंग’ पॅकेज: कॉलेजचं जवळजवळ अख्खं वर्ष वापरल्यानंतर

परवा रिन्यूअलचा फोन आला. “सर, मॅडमचं प्रोफाइल अजून पंचवीस टक्के स्ट्राँग करता येईल.” पंचवीस टक्के कशाचे, एवढंच विचारलं. त्या पोराने फोन सीनियरकडे दिला, सीनियरने होल्डवर टाकला. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

कंपनीचं नाव टाकत नाही, रिफंडचं भांडण अजून चालू आहे. ज्यांनी घेतलंय त्यांना वर्णनावरून कळेलच. आम्ही भुसावळचे. मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, पहिल्या वर्षापासून एनसीसीत, नुकतीच ‘सी’ सर्टिफिकेटची परीक्षा देऊन बसली आहे. तिला आर्मीत ऑफिसर व्हायचंय. त्यासाठी एसएसबी, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची निवड चाचणी, पार करावी लागते. अर्ज तगडा व्हावा म्हणून साडेअठरा हजारांचं पॅकेज घेतलं. त्यात रेकॉर्डेड लेक्चर, पुस्तकांचा संच, सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची लेखी परीक्षा) टेस्ट सिरीज, फॉर्म भरून देण्याची सेवा, शनिवारचं ऑनलाइन ग्रुप सेशन आणि सगळ्यात वर ती ‘पर्सनल प्रोफाइल फाईल’.

लेक्चरबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. स्क्रीनिंगला काय असतं, टीएटीला (चित्र बघून गोष्ट लिहिण्याच्या चाचणीला) किती चित्रं, पाच दिवसांचा क्रम कसा, हे यूट्यूबवर फुकट पडलेलं आहे. पुस्तकांचा कागद बरा. वर्ड असोसिएशनच्या पुस्तकात मात्र प्रत्येक शब्दापुढे तयार वाक्य छापलंय. परीक्षेत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात डोक्यात येईल ते लिहायचं, म्हणजे मूळ माणूस दिसतो. हे पाठ करून गेलात तर समोरच्या मानसशास्त्रज्ञाला छापखाना दिसणार.

टेस्ट सिरीजचा विषय काढला की माझं डोकं फिरतं. मुलींना सीडीएसमधून ओटीए, म्हणजे चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी. तिथे लेखीला दोनच पेपर, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, शंभर-शंभर मार्कांचे. गणित नाही. गणिताचा पेपर आयएमए (डेहराडूनची मिलिटरी अकॅडमी), नौदल आणि हवाई दलाच्या अकॅडमीसाठी. आमच्या पॅकेजमध्ये गणिताची टेस्ट सिरीज वेगळे पैसे लावून गळ्यात मारलेली. विचारलं तर “सर, कॉम्बो आहे.” कॉम्बो कसला? मुलीच्या नावावर खातं, फॉर्मवर मुलगी लिहिलेलं, तरी गणित. फॉर्म भरण्याचे पाचशे. यूपीएससीच्या सीडीएस फॉर्मची फी दोनशे रुपये आणि मुलींना तीही माफ. फुकटचा फॉर्म भरायला पाचशे रुपये! मुलीने स्वतः घरी बसून भरला. ते पाचशेसुद्धा परत मागितलेत.

आता त्या फाईलकडे येतो. खरं तर हा सगळा लेख त्या फाईलच्या एका रकान्यासाठी आहे.

एसएसबीला पीआयक्यू फॉर्म भरून घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. घरची माहिती, दहावीपासूनचे मार्क, खेळ, एनसीसी, छंद, कुठे जबाबदारी घेतली. इंटरव्ह्यू घेणारा साहेब तोच कागद पुढे ठेवून बोलतो. पॅकेजवाल्यांनी मुलीची अर्धा तास फोनवर मुलाखत घेतली आणि स्पायरल बाइंडिंगची गुळगुळीत फाईल कुरियरने पाठवली. पहिल्याच पानावर राहण्याचं ठिकाण भुसावळ, जिल्ह्याचं मुख्यालय: होय. म्हटलं, जळगावकरांना कळवायला पाहिजे. छंदांच्या रकान्यात: चरित्रवाचन, ट्रेकिंग, जर्नलिंग.

“पप्पा, मी ट्रेकिंग कधी केलं?”

पाटणादेवीला एनसीसीबरोबर एकदा जाऊन आली होती, तेही बसने. मेंटरला फोन लावला. म्हणाला, “सर, हे सेफ छंद आहेत, यावर आमच्याकडे तयार प्रश्नोत्तरं आहेत.” आठवड्याने मुलीची धुळ्याची एक बॅचमेट आली, तिने तिची फाईल उघडली. चरित्रवाचन, ट्रेकिंग, जर्नलिंग. त्याच क्रमाने. दोघींनाही एसएसबीला भोपाळ सेंटर मिळून एकच साहेब समोर आला तर काय, याचं उत्तर मेंटरने अजून दिलेलं नाही. मी तीन मेल पाठवून ठेवलेत. बायको म्हणते, एका रकान्यासाठी किती भांडाल. रकान्याचे पैसे घेतलेत ना, मग रकान्यासाठी भांडणार.

बरं, हिला सांगण्यासारखं काही नसतं तर गोष्ट वेगळी. हिचे मामा सावद्याला, केळीवाले. कटाईच्या दिवसांत ही सुटीत तिथेच असते. पहाटे मजूर बागेत शिरायच्या आधी वही घेऊन बांधावर. किती घड उतरले, कुठली गाडी काट्यावर गेली, पावतीवरचं वजन आणि वहीतलं वजन जुळतं का, मजुरांची हजेरी, कुणाला किती उचल दिली, सगळं हिच्याकडे. गेल्या दिवाळीत एक व्यापारी बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशी जाहीर झालेल्या, भावापेक्षा कमी भाव लावून गाडी भरायला लागला. मामा बाहेरगावी. हिने मोबाईलवर त्या दिवसाचा भाव काढून दाखवला आणि निम्मी भरलेली गाडी थांबवली. तोवर ऊन चढलेलं, उतरवलेले घड उघड्यावर, मजूर खोळंबलेले. मग मधला भाव ठरवून गाडी काढली. मामा अजूनही म्हणतात, पूर्ण भाव घ्यायला हवा होता. ती म्हणते, माल काळा पडला असता. हे सगळं फोनवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं. फाईलमध्ये एक ओळ नाही.

इथपर्यंत मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देणार होतो. पण शनिवारच्या सेशनबद्दल लिहिण्याआधी एकदा स्वतः बसून बघावं म्हणून मुलीच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या बाहेर, खुर्ची टाकली. आता दोन स्टार द्यावे लागतील, नाइलाज आहे.

सेशन घेणारे एक निवृत्त अधिकारी आहेत. पीपीडीटीचं अंधूक चित्र तीस सेकंद दाखवलं, चार मिनिटांत गोष्ट लिहायला लावली, मग प्रत्येकाने सांगायची आणि ग्रुपने मिळून एक गोष्ट ठरवायची. दोन मिनिटांत फिश मार्केट. सगळे एकदम बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. आमची मराठी मीडियमची, सुरुवातीच्या महिन्यांत म्हणे ‘आय अ‍ॅग्री’च्या पुढे जात नव्हती. त्या दिवशी तिने नागपूरच्या एका मुलाचा मुद्दा उचलला, एका गप्प बसलेल्या मुलीला नाव घेऊन विचारलं आणि दोन्ही जोडून गोष्ट पुढे नेली. इंग्रजी मोडकंच होतं. मला पाचव्या मिनिटाला खोकला आला आणि तिने टेबलाखालून लाथ मारली, ते सोडा.

नंतर साहेबांनी एकेकाला दोन-दोन प्रश्न विचारले. हिला विचारलं, दिवाळीत काय केलं? हिने केळीचं सांगितलं. झालं. वजन कमी भरलं तर संशय कुणावर? मजूर तुझं का ऐकतात? मामाचं नुकसान झालं की फायदा? ही एका प्रश्नालाही अडली नाही, उलट साहेबांना काट्यावर गाडी कशी रिकामी तोलतात आणि मग भरलेली कशी तोलतात ते समजावून सांगायला लागली. शेवटी ते म्हणाले, “फाईलमधले छंद खोडून टाक. जे रोज करतेस ते लिही.” त्याच कंपनीचा माणूस कंपनीचीच फाईल खोडायला सांगतो. मग साडेअठरा हजारांतले त्या फाईलचे किती आणि या माणसाचे किती, हे वेगळं करून सांगा, असा चौथा मेल टाकलाय. शनिवारचं सेशन सुटं विकत नाहीत. विकलं तर मी लगेच घेईन, घासाघीस करून.

आणखी एक गोष्ट, जी पॅकेजच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे. एनसीसी ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ ग्रेडने आणि पदवीला पन्नास टक्के असतील तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षाच नाही. अर्ज छाननीत टिकला की थेट एसएसबी. जागा मोजक्या, स्पर्धा तगडी, पण वाट आहे. हे पहिल्या पानावर छापलं तर टेस्ट सिरीज कोण घेणार? ज्यांची मुलं पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी आधी कॉलेजच्या एनसीसीच्या सरांना गाठा. परेडची हजेरी पूर्ण ठेवा, कॅम्प सोडू नका. आमच्या मुलीच्या अर्जात जो काही दम आहे तो मे महिन्याच्या उन्हाळ्यातल्या पहाटेच्या परेडचा आहे. तिथे तिला रँक मिळाली, ज्युनियर पोरी सांभाळायला मिळाल्या. त्याची फी जवळजवळ शून्य.

नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, हे मला पेपरातल्या चार ओळींच्या बातमीतून कळलं. एसएसबीची तयारी करून घेतात. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं निःशुल्क. मुलींनाही घेतात. मात्र कुणीही उठून जावं असं नाही. सीडीएसची लेखी पास असावी लागते, किंवा ‘सी’ सर्टिफिकेट ‘ए’ किंवा ‘बी’ ग्रेडचं आणि एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस हवी. आधी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत. आम्ही ‘सी’चा निकाल लागला की जळगावला जाणार आहोत. भुसावळहून नाशिक रोडला थेट गाडी, मध्ये बदलायची नाही.

मग पॅकेज घ्यावं का? कॉलेजात एनसीसी नसेल, आसपास इंग्रजीत चार माणसं बोलणारी नसतील, तर शनिवारच्या साहेबांसाठी घ्या आणि फाईल रद्दीत घाला. स्पायरल काढून घ्या आधी, रद्दीवाला वजनात धरत नाही. बाकीच्यांनी घेऊ नका.

रिफंडचं उत्तर आलं की इथेच लिहीन. गणिताची टेस्ट सिरीज अजून चालू आहे, एकही पेपर सोडवलेला नाही. कुणाचा मुलगा आयएमएसाठी सीडीएस देत असेल तर सांगा, निम्म्या भावात देतो.