ब्राझिलियन रोजवूड की इंडियन रोजवूड? गिटार निवडताना

जुनी ब्राझिलियन रोजवूडची गिटार आणि नवी इंडियन रोजवूडची, अशा दोनांत अडकला असाल तर माझं मत आधीच सांगतो, इंडियन घ्या.

दिसायला ब्राझिलियन भारी, वादच नाही. तपकिरी-नारिंगी रंगावर काळ्या रेषांची जाळी पसरलेली असते, तशी इंडियनमध्ये नाही मिळत. इंडियन रोजवूड म्हणजे आपला शिसवच, जांभळट चॉकलेटी आणि सरळ रेषांचा. पण सरळ रेषांचं लाकूड टिकतं हो, उलट ब्राझिलियनची चांगली खोडं कधीच संपली, नंतर जे वापरलं गेलं त्यात जुने बुंधे बरेच, त्यांच्या रेषा वेड्यावाकड्या आणि तडकायचं प्रमाण जास्त. त्यामुळे जुनी गिटार बघताना मागच्या बाजूवर टॉर्च तिरका धरा, मधल्या जोडाच्या आजूबाजूला बारीक चिरा लगेच दिसतात.

आता टोन. 2018 मध्ये एक टेस्ट प्रसिद्ध झाली, फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडात फरक असलेल्या सहा गिटार 52 वादकांना, लाकूड दिसू नये म्हणून, अंधारात वेल्डिंगचा गॉगल लावून वाजवायला दिल्या, त्यात हे दोन्ही रोजवूड होते आणि रेटिंग जवळपास सारखंच आलं! मग ब्राझिलियनचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

आणि ते झाड बघा ना. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात, बाहियापासून रिओपर्यंत वाढतं, आणि ते जंगलच तोडून तोडून थोडंसं उरलंय. 1992 पासून ते सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 1 मध्ये आहे, म्हणजे व्यापार जवळपास बंद. 2019 मध्ये बाकी रोजवूडच्या तयार वाद्यांना परमिटमधून सूट मिळाली, याला नाही. म्हणजे लाकूड 1992 च्या आधीचं असल्याचा पुरावा आणि परमिट नसेल तर सीमेवर गिटार जप्त होऊ शकते.

शिसवही काही सुरक्षित नाही, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तोही असुरक्षित गटात आहे, मला त्याचंही वाईट वाटतंच. पण तो कॉफी-चहाच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, लागवडही होते, म्हणून घेताना लाकूड मळ्यातलं की जंगलातलं हे स्पष्ट विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.