आबाजींच्या बशीतला टोस: अद्रकवाल्या चायमध्ये बुडवायला नेमकं काय घ्यायचं

आमचे आबाजी ८४ वर्षांचे आहेत. वरचा दात एकही नाही, खाली दोन-तीन उरलेत, कवळी करून आणली होती ती टोचते म्हणून डब्यात पडून आहे. सकाळी सहाला उठले की त्यांना पहिले चाय लागते आणि चायसोबत काहीतरी बुडवून खायला लागते, कारण मग दहा वाजता भाकर होईपर्यंत ते दुसरं काही तोंडात टाकत नाहीत. म्हणजे आपल्यासाठी बिस्किट हा टाइमपास असन पण त्यांचा तो नाश्ता आहे. दिवाळीपासून त्यांचा हात जास्त थरथरायला लागला, आपल्याला बशीपासून तोंडापर्यंत बिस्किट न्यायला एक सेकंद लागत असेल तर त्यांना चार-पाच लागतात आणि तेवढ्यात ते मधातच तुटून धोतरावर पडते. ते काही बोलत नाहीत, धोतर झटकतात आणि दुसरं उचलतात. मला ते पाहवत नव्हतं. म्हणून कापूस वेचणी चालू होती ते दोन महिने मी गावच्या किराण्यात आणि दारव्ह्याच्या बाजारात जे जे मिळते ते आणून रोज सकाळी त्यांच्यासोबत बसून बुडवून पाहिलं. कोणाच्या घरी असं म्हातारं माणूस असन तर त्यांच्या कामी येईल म्हणून लिहितो.

आधी चायचं सांगतो, कारण चाय कशी आहे त्यावर बिस्किट ठरते. आमच्या घरी आई गंजात पाणी ठेवते, त्यात ठेचलेलं अद्रक, दोन विलायच्या, थंडी असली तर एखादी लवंग आणि गवती चहाची पात, ते चांगलं उकळलं की पत्ती-साखर आणि मग घरच्या म्हशीचं दूध, आणि दूध टाकल्यावरही दोन-तीनदा वर येऊ देते. अशी चाय घट्ट असते, गोड असते आणि जाम गरम असते. त्यामुळे जे बिस्किट मुळातच लय गोड आहे ते या चायसोबत खाल्लं की अद्रकची चवच लागत नाही, आणि जे नाजूक आहे ते एवढ्या गरम चायमध्ये टिकत नाही.

सुरुवात ग्लुकोज बिस्किटापासून, कारण घरात तेच होतं. आबाजी कोणत्याही ग्लुकोज बिस्किटाला पारलेच म्हणतात. विलेपार्ल्यात १९२९ साली तो कारखाना निघाला म्हणून ते नाव, आधी पारले ग्लुको होतं आणि ८० च्या दशकात पारले-जी झालं. आबाजींना ते पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मेणकागदातले पुडे चांगले आठवतात, बाजारातून एक पुडा आला की चार भावंडांत मोजून वाटायचे म्हणतात. चवीला मला आजही ग्लुकोजच्या तोडीचं दुसरं काही वाटत नाही, दूध, गहू, साखर असा जो वास येतो तो अद्रकच्या वासात बरोबर मिसळतो. पण ते पातळ आहे आणि त्यात साखर भरपूर आहे. बिस्किटाला धरून ठेवायचं बरंचसं काम साखरच करते, गरम चायमध्ये ती विरघळली की उरलेला पिठाचा भाग फुगतो आणि हातातच नरम पडतो. आपण एक-दोन-तीन मोजून काढून घेतो, थरथरत्या हाताला ते जमत नाही. आता माझ्या पोरीसाठी ग्लुकोज आहे आणि आबाजींना खायचं असलं तर आई वाटीत चार बिस्किटं चुरून वरून चाय टाकून चमच्यासकट देते. तसं ते आवडीनं खातात, पण हातानं उचलून खायची मजा त्यात नाही असं तेच म्हणतात.

मारी त्यापेक्षा टिकली. हे बिस्किट मूळचं लंडनचं, १८७४ मध्ये पीक फ्रीन कंपनीनं रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलं आणि तिच्या मारिया नावावरून मारी झालं. गोडी कमी, तूप-तेल कमी, म्हणून गोड चायसोबत चव बरोबर बसते. एक मात्र सांगतो, आमच्याकडे लोक मारीला शुगरवाल्यांचं बिस्किट समजून पुडेच्या पुडे खातात, तसं काही नाही, त्यातही मैदा आणि साखर आहेच. आबाजींना मारी गोल आणि रुंद असल्यानं धरायला त्रास झाला, बुडवलेली बाजू जड होऊन खाली झुकायची आणि मधातून मोडायची. अर्धी करून दिली तर चालते. माझ्याकडून दुसरा नंबर.

क्रीमवाली बिस्किटं चायमध्ये बुडवूच नका, दोन भाग वेगळे होतात, क्रीम वितळून चायवर तरंगते आणि अद्रकवाल्या चायला व्हॅनिलाचा वास मारते. नानकटाई मला जीवापाड आवडते पण ती कोरडी खायची, वरून चायचा घोट घ्यायचा. बेकरीचे ते गोल कडक बटर येतात ते भिजायलाच एवढा वेळ घेतात की चाय थंड होते, आबाजींनी एक घेतला आणि सरळ माझ्या हातात दिला. खारीचं म्हणाल तर पहिला घास स्वर्ग आहे, पदर न् पदर चाय पितो, पण त्यात डालडा असतो त्याचा तवंग चायवर येतो आणि पापुद्रे सुटून खाली बसतात. दुपारी चारला, वावरातून आल्यावर, जिऱ्याची खारी आणि कोरी चाय, तिथं खारीला तोड नाही. सकाळी नाही.

आता टोस. आमच्या गावात सकाळी मोटरसायकलवर टिनाची पेटी बांधून दारव्ह्याहून बेकरीवाला येतो, पाव, खारी, टोस सगळं असते त्याच्याकडं. टोस दोनदा भाजलेला असतो, पहिले पाव भाजतात, मग त्याच्या चकत्या कापून परत भाजतात, म्हणून त्यात पाणी जवळपास राहत नाही आणि आत बारीक बारीक भोकं असतात. त्या भोकांतून चाय वर चढते. ब्रिस्टल विद्यापीठातले लेन फिशर म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बिस्किट बुडवण्याचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्यांना त्याचं इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस. त्यातलं एक गणित मला लय कामाचं वाटलं, चायला दुप्पट अंतर आत जायचं असलं तर वेळ चौपट लागतो. म्हणजे जाड टोस पातळ बिस्किटापेक्षा नुसता थोडा जास्त नाही तर कितीतरी जास्त वेळ टिकतो, आणि आबाजींना नेमका तोच वेळ पाहिजे. दुसरं त्यांनी सांगितलं की बिस्किट उभं न बुडवता आडवं ठेवा, खालची बाजू भिजू द्या, वरची कोरडी राहिली की ती वजन धरून ठेवते. हे वाचून मी आबाजींकडं पाहिलं तर ते आयुष्यभर हेच करत आलेत. बशीत बोटाच्या पेरापेक्षाही कमी चाय ओतायची, टोस आडवा ठेवायचा, थोडं थांबायचं, उचलायचा. बशीत चाय थोडी निवतेही, म्हणून तोंड भाजत नाही.

पहिल्या दिवशी टोस दिला तर त्यांनी एकही तुकडा न पाडता दोन खाल्ले आणि म्हणाले, "बापू, हा टोस कुठचा हाय? उद्या बी हाच आन." धोतर झटकायला हात गेलाच नाही. माझी आई चुलीपाशी बसली होती, तिनं पदरानं डोळे पुसले.

टोस घेताना काही पाहून घ्या. पाव किलो ४० रुपयांत मिळतो, दोन-पाच रुपये वाचवायला जुना माल घेऊ नका. एका दुकानातून मी स्वस्त आणला तर खवट निघाला, सगळा गाईला टाकला. दोन टोस एकमेकांवर वाजवून पाहा, कडक टक्क आवाज आला पाहिजे, भद्द आला तर ओल धरलीय. रंग बदामी पाहिजे, काळपट कडेचा टोस चायमध्ये कडू लागतो. लय जाड कापलेला नको, मधला भाग कोरडा राहतो आणि म्हाताऱ्या माणसाला ठसका लागतो, म्हणून मी आबाजींसाठी टोस उभा अर्धा मोडतो, बशीत एका बाजूनं भिजला की त्यांना पलटायला सांगतो आणि पहिला घास खाऊन होईपर्यंत जवळच बसतो. विलायचीचा टोस घेतला होता एकदा, आमच्या चायमध्ये विलायची असतेच, दोन्ही मिळून जास्त झालं, साधाच बरा. सोपवाला, म्हणजे बडीशेपेचा, मात्र आबाजींना आवडला, आठवड्यातून एकदा तो.

पावसाळ्यात टोस एका दिवसात नरम पडतो. आई स्वयंपाक झाल्यावर चुलीवरच्या कोमट तव्यावर दहा मिनिटं ठेवते, मग थंड करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरते. गरम असतानाच झाकण लावलं तर आत वाफ धरते, ते करू नका. डबा आबाजींच्या खाटेजवळच्या कोनाड्यात असतो, त्यांच्या हाताला येईल असा.