उक्तं गुत्तं घ्यावं की माणशी दराचं?

साफसफाई, पहारा, कचरा उचलणं, अशा सरकारी कामांच्या निविदा दोन तऱ्हेनं निघतात. एकीत पाळीमागे माणशी दर आणि वर तुमचं सेवाशुल्क. दुसरीत, म्हणजे उक्त्यात, महिन्याची ठोक रक्कम. माणसं किती लावायची ते तुमचं तुम्ही बघा. नवा गुत्तेदार आधी नफा काढून बसतो. त्याआधी बघावं ते हे, की अंदाज चुकला तर भुर्दंड कुणाला.

माणशी दरात काम वाढलं तर कार्यालय जादा माणसं मागतं, बिलही वाढतं. गैरहजेरी मात्र तुमच्या अंगावर. बीडकडं दसरा-दिवाळीनंतर उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मग हजेरीपटावर खाडे, बिलाला कात्री, वर दंड. नफा सेवाशुल्काएवढाच. हे शुल्क जवळपास शून्य भरून काम उचलणारे पुढं कामगारांच्या पीएफमध्येच हात घालतात, त्यांच्या नादी लागू नका.

उक्त्यात वीस जणांचं काम घंटागाडीच्या नीट आखलेल्या फेऱ्यांमुळं पंधरांत उरकलं तर वाचलेलं तुमचं. पण 'व इतर अनुषंगिक कामे' ही ओळ दोनदा वाचा. यात्रा, उरूस, तुंबलेले नाले सगळं तिच्यात कोंबतात. किमान वेतनातला विशेष (महागाई) भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. फरक देण्याचं कलम नसेल तर दोन-तीन वर्षं तो तुम्हीच भरायचा.

पैसे दोन्हीकडं अडकतात. बिल अनुदान आलं की निघणार, पगार मात्र पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. समजा वेतन १४,००० रुपये. पीएफचा मालकाचा वाटा इतर आकारांसह १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, म्हणजे माणशी १६,२७५. दहा माणसांचं बिल तीन महिने थांबलं तर ४,८८,२५० रुपये तुमच्या खिशातून. बोनस, गणवेश, बदली माणूस अजून धरलेलेच नाहीत.

जिथं ठरल्या जागी ठरल्या वेळी माणूस हवा, पहारा किंवा डेटा एन्ट्री, तिथं मी माणशी दरच घेईन. कचऱ्याचं काम उक्तं परवडतं, पण घरांची संख्या आणि रोजच्या फेऱ्या निविदेत लिहिलेल्या असल्या तरच. उन्हाळ्यातले टँकर उक्ते घेणं म्हणजे जुगार. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तशा साली खेपा किती होतील हे निविदा भरताना कोण सांगणार? अशा शंका निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. कारकुनानं तोंडी दिलेला शब्द बिलाच्या वेळी उपयोगी पडत नाही.