विनोदी नाटक : नाट्यगृहात पाहावं की सिनेमागृहाच्या पडद्यावर?

जुन्या गाजलेल्या विनोदी नाटकाचा रंगमंचावर चित्रित केलेला प्रयोग जवळच्या सिनेमागृहात पडद्यावर लागलाय आणि त्याच नाटकाचा प्रत्यक्ष प्रयोगही आहे. संध्याकाळ एकच मोकळी. मी आधी नाटकाची जात बघतो.

शब्दांवर चालणारं असेल तर बिनदिक्कत पडदा. ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' घ्या. १८९५ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात धावपळ बेताचीच. माणसं चहा पिता पिता एकमेकांना गोड शब्दांत ओरबाडतात. त्यातलं लेडी ब्रॅकनेल हे पात्र 'हँडबॅग' हा एक शब्द कसा उच्चारतं, याकडे जाणकार कान लावून बसलेले असतात. तेव्हाची लेडी ब्रॅकनेलची भुवई मागच्या रांगेतून दिसत नाही, पडद्यावर दिसते. सबटायटल्स असतील तर परके उच्चारही आड येत नाहीत. ती आहेत का, हे तिकीट काढतानाच विचारा.

फार्सचं, म्हणजे धावपळीच्या, गोंधळाच्या विनोदी नाटकाचं, गणित उलटं. चार दारं, पलंगाखाली एकजण, त्याला शोधणारा दुसरा. गंमत दोघं एकाच वेळी दिसण्यात असते. नेमक्या त्या क्षणी कॅमेऱ्याने एकाचा क्लोजअप घेतला की विनोद मेलाच. नाट्यगृहात नजर आपल्या ताब्यात असते.

आणि हशा. रंगमंचावरचा नट हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवतो. आजचे प्रेक्षक जास्त हसले तर जास्त थांबतो. पडद्यावरचा नट थांबतो तो कुठल्यातरी दुसऱ्याच प्रेक्षागृहासाठी. आपल्या खेळाला दहा माणसं असली तर ते थांबणं अवघडल्यासारखं वाटतं, आणि आपण भरभरून हसलो तर पुढचं वाक्य बुडतं. तरी बुडालेलं वाक्य परवडलं, म्हणून खेळ गर्दीचाच निवडा.

लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ साली सिनेमागृहांत थेट प्रक्षेपण सुरू केलं; तेच प्रयोग नंतर रेकॉर्ड केलेल्या स्वरूपातही दाखवतात. थेट खेळात नट अडखळला आणि त्याने वेळ मारून नेली, तर मजा औरच. पण तेवढ्यासाठी अडनिड्या वेळेला धावू नका.

राहिला जागेचा प्रश्न. नाट्यगृहात फक्त बाल्कनी उरली असेल तर वाइल्डसाठी मी जाणार नाही. फार्सला मात्र ती चालते. वरून सगळी दारं एकदम दिसतात.